८ + ४ = □ + ५ : तिसरीच्या वर्गातली बेरीज, वजाबाकी आणि तराजू

सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातली जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी एका खोलीत बाईंकडे, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत सरांकडे. तिसरीत ११ मुलं. हातच्याची बेरीज बहुतेकांना येते, दशक सुटा करून वजाबाकी निम्म्याशिम्म्यांना येते, पाढे ठीक. केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत या वर्गाबद्दल कुणी काळजी केली नसती. पायाभूत वाचन आणि संख्याज्ञान पक्कं करण्याचं केंद्र सरकारचं ‘निपुण भारत’ अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं तेव्हापासून तिसरीअखेरच्या संख्याज्ञानाकडे सगळ्यांचं बारीक लक्ष असतं, आणि त्या नजरेतही हा वर्ग बरा होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सरांनी मुलांना सहा ओळींची एक चिठ्ठी सोडवायला दिली:

७ = ३ + ४ (चूक की बरोबर?)
६ = ६ (चूक की बरोबर?)
८ + ४ = □ + ५
□ = १४ − ६
९ + □ = ७ + ८
१५ − ७ = □ − ५

पहिल्या ओळीला बहुतेकांनी ‘चूक’ लिहिलं. कारण विचारल्यावर उत्तर आलं, “सर, ह्ये उलटं लिवलंय.” दुसरीही चूक ठरली, “ह्यात बेरीजच न्हाई.” तिसऱ्या ओळीत चौकटीत १२ आले, दोघांनी १७ लिहिले, आणि एका मुलीने चौकटीत १२ लिहून पुढे स्वतःहून ‘= १७’ जोडलं. पाचव्या ओळीत बरीच मुलं अडून बसली. ‘९ + □ = ७’ एवढंच वाचून त्यांना वाटलं, नऊ आधीच सातापेक्षा मोठे आहेत, मग त्यात मिळवायचं काय? काहींनी २ लिहिले, म्हणजे नऊ आणि सातातला फरक. शेवटच्या ओळीत ८ आणि ३ ही दोन उत्तरं आली. ८ म्हणजे चिन्हाच्या डावीकडचं तेवढं सोडवलं. ३ म्हणजे दिसेल ते सगळं वजा करत शेवटपर्यंत गेले.

या चुका आकडेमोडीतल्या नाहीत. १२ लिहिणाऱ्या मुलाची ८ + ४ ही बेरीज अचूक आहे. त्याने ‘=’ हे चिन्ह ‘आता उत्तर लिही’ असं वाचलं, म्हणून त्याच्या दृष्टीने पुढचा ‘+ ५’ फुकटचा. १७ लिहिणाऱ्याने त्या + ५ लाही कामाला लावलं. दोघांची चूक वेगळी दिसते, मूळ एकच आहे. याला खेड्यातली शाळा, घरची परिस्थिती असली कारणंही नाहीत. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८ + ४ = □ + ५ हेच उदाहरण पहिली ते सहावीच्या मुलांना दिलं होतं. कोणत्याही इयत्तेत १० टक्क्यांहून जास्त मुलांनी ७ हे बरोबर उत्तर लिहिलं नव्हतं, आणि सहावीच्या सगळ्या १४५ मुलांची उत्तरं १२ किंवा १७ होती. वय वाढल्याने ही समजूत आपोआप सुधारत नाही. वरच्या इयत्तांत समीकरणं आली की तिथे ती आडवी येते, आणि तोवर ‘बीजगणित अवघड’ असा शिक्का बसलेला असतो.

समजूत रुजते कुठे

पहिलीपासून सरावाला येणारी उदाहरणं पाहिली की बहुतेक एकाच साच्याची निघतात: डावीकडे दोन संख्या, मध्ये चिन्ह, उजवीकडे रिकामी जागा. शेकडो वेळा तोच साचा पाहिलेलं मूल त्यातून नियम काढणारच, आणि तो नियम त्या साच्यापुरता खराही ठरतो.

दुसरी जागा फळा आहे. २५ + १७ तोंडी कसं करायचं हे दाखवताना अनेक शिक्षक सवयीने असं लिहितात:

२० + १० = ३० + ५ = ३५ + ७ = ४२

बोलण्याच्या ओघात हे सोयीचं वाटतं, पण लिहिलेलं खोटं आहे. २० + १० म्हणजे ३० + ५ नव्हे. मूल हे रोज पाहतं, वहीत उतरवतं आणि ‘=’ म्हणजे ‘आणि मग’ असं धरून चालतं. ‘= १७’ जोडणाऱ्या मुलीची वही उघडली तर तिथे अशाच साखळ्या सापडल्या. उपाय सोपा आहे: प्रत्येक पायरीला नवी ओळ. २० + १० = ३०. खाली ३० + ५ = ३५. त्याखाली ३५ + ७ = ४२. या वर्गात तराजू आणण्याच्या आधी फळ्यावरची ही सवय बदलली, आणि ते आधी करणंच योग्य होतं. एरवी पंधरा मिनिटं तराजूने जे शिकवलं ते उरलेल्या तासिकेत फळा पुसून टाकतो.

आणखी एक अडचण या भागात ध्यानात घ्यावी लागते. बेदाण्याच्या शेडवर, किराणा दुकानात, रेशनवर आता सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटा आहे. वस्तू ठेवली की आकडा दिसतो. आठ वर्षांच्या मुलाने दोन पारड्यांचा तराजू आठवडी बाजारात एखाद्या भाजीवालीकडे पाहिला असेल, हातात घेतलेला नसतो. ‘समीकरण तराजूसारखं असतं’ एवढं सांगून त्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. खरा तराजू वर्गात लागतो.

तराजू

कपड्याच्या हँगरला दोन बाजूंनी दोन वाट्या टांगून तराजू करण्याची युक्ती खूप चालते. या कामाला ती पुरत नाही. हँगरचा आकडा (हुक) वर असतो आणि वाट्या टांगायची टोकं त्याच्या १०-१२ सेंमी खाली. टेकण्याच्या जागेपासून वजनं टांगायची टोकं जितकी खाली असतात, तितका तराजू स्वतःला सरळ करण्याचा जोर धरतो, आणि वजन वाढेल तसा तो जोरही वाढतो. परिणाम असा की ३ आणि ४ नटांतला फरक हँगर दाखवतो, पण १८ आणि १९ ठेवले तर जेमतेम दोन अंशांनी कलतो. मुलाला तो सपाटच दिसतो. मग १८ आणि १९ सारखेच, असं तराजूच शिकवून जातो.

या शाळेत वापरलेली दांडी अशी: ५० सेंमी लांब, ४ सेंमी रुंद, ६ ते ८ मिमी जाड लाकडी किंवा प्लायची पट्टी. बरोबर मध्यावर, वरच्या काठापासून दीड सेंमीवर एक भोक. दोन्ही टोकांना, टोकापासून १ सेंमी आत आणि वरच्या काठापासून २ सेंमीवर एकेक भोक. म्हणजे टोकांची भोकं मधल्या भोकापेक्षा अर्धा सेंमीच खाली. मधल्या भोकात गुळगुळीत खिळा, भोक खिळ्यापेक्षा जरा मोठं, म्हणजे घासत नाही. मधलं भोक चुकून टोकांच्या रेषेच्या खाली पाडलं तर दांडी एका बाजूला जी पडते ती दोन्हीकडे सारखं वजन असूनही उठत नाही. मग नवी पट्टी घ्यावी; तिथे डागडुजी करून भागत नाही.

पारड्यांना डब्याची सारखी दोन झाकणं, प्रत्येकाला तीन दोरे. रिकामी दांडी सपाट राहीपर्यंत हलक्या पारड्याच्या तळाला शाडूचा गोळा लावायचा. हा पासंग मुलांसमोर लावावा. सुरुवातीलाच दोन्ही बाजू सारख्या करून घ्यायच्या असतात, हे तिथे न बोलता कळतं.

वजनं म्हणून मुलांनी आधी बेदाणे, चिंचोके, शेंगदाणे सुचवले. ते नकोत. आठ मोठे चिंचोके आणि आठ बारके चिंचोके तराजूवर सारखे होत नाहीत, आणि मुलाचं मोजणं बरोबर असून तराजू त्याला खोटं पाडतो. गोट्यांचंही तेच. रुपयाची नाणी बरी वाटतात, पण २०११ नंतरची आणि २०१९ नंतरची नाणी वेगवेगळ्या वजनाची आहेत. मिसळली की घोळ होतो. हार्डवेअरच्या दुकानातले ८ एमएमचे लोखंडी नट उत्तम. एकेक साधारण ५ ग्रॅमचा, सगळे एकाच पाकिटातले घ्यायचे. एका तराजूला ५० नट पुरतात. ११ मुलांना तीन तराजू झाले: दोन गट चौघांचे, एक तिघांचा.

(बाजारात खुंट्यांचा ‘संख्या-तराजू’ही मिळतो. त्यात ७ नंबरच्या खुंटीवर एक चकती आणि दुसरीकडे ३ व ४ नंबरवर एकेक चकती लावली की तो समतोल होतो. साधन चांगलं आहे, पण सुरुवातीला नको. एकीकडे एक चकती, दुसरीकडे दोन, आणि तरी सपाट, हे खुंटीच्या मध्यापासूनच्या अंतरामुळे घडतं. ज्याला ‘सारखं’ म्हणजे काय हेच अजून बसवायचं आहे त्याला त्याने गोंधळायला होतं.)

रोजची पंधरा मिनिटं

चाळीस मिनिटांच्या तासिकेतली पहिली पंधराच मिनिटं तराजूला दिली, उरलेला वेळ नेहमीचा पाठ. त्या वेळात चौथीचं काय, हा जोडवर्गाच्या शिक्षकाचा पहिला प्रश्न असतो. इथे चौथीची मुलं कागदाच्या पुड्या बांधत. आत ठरावीक नट घालायचे, बाहेर काही लिहायचं नाही, वहीत नोंद ठेवायची. तिसरीला कोडं घालायचं काम त्यांनी मनापासून केलं.

सुरुवातीला आकडे लिहायचेच नाहीत. डाव्या पारड्यात ५ नट, उजव्यात ३ आणि २. सपाट की कललं, कुठल्या बाजूला, एवढंच बोलायचं. इथे दोन मुलांनी वर गेलेल्या पारड्याला ‘जास्त’ म्हटलं, कारण ते उंच होतं. समजावून सांगत बसण्यापेक्षा दोन्ही पारड्यांतले नट त्यांच्या दोन हातांत दिले. हाताला जे कळतं त्यावर वाद होत नाही.

नंतर अंककार्डं आली. पारड्यांखाली जमिनीवर कार्डं मांडायची आणि ‘=’ चं कार्ड नेमकं मधल्या खिळ्याखाली. दांडी कलली की ते कार्ड उचलून > किंवा < ठेवायचं. चिन्ह मधल्या खिळ्याखाली बसल्यामुळे ते कुठल्याच बाजूचं राहत नाही; ७ = ३ + ४ आणि ३ + ४ = ७ यांतलं ‘उलटं’ कुठलं हा प्रश्नच गळून पडतो. वाचतानाही ‘डावीकडं सात, उजवीकडं तीन आणि चार, दोन्हीकडं सारखं’ असं पूर्ण वाचायचं. ६ = ६ इथे सगळ्यांना पटलं.

एक गोष्ट लवकर लक्षात आली. मुलं मोजायचं सोडून दांडी सपाट होईपर्यंत एकेक नट टाकत बसत. उत्तर मिळतं, बेरीज-वजाबाकी होत नाही. म्हणून क्रम पक्का केला: आधी बोलायचं, मग पाटीवर लिहायचं, मगच नट टाकायचे. एकदा लिहिलं की पुसायचं नाही. दांडी कलली तर किती नटांनी चुकलं ते पाटीवरच्या आकड्याशेजारी लिहायचं. या एका नियमाने तराजू उत्तर देणारं यंत्र न राहता उत्तर तपासणारा झाला.

मग पुडी. डावीकडे पुडी आणि ५ नट, उजवीकडे १२ नट, दांडी सपाट. पुडीत किती? दोन्हीकडून पाच-पाच काढले की पुडीसमोर ७ उरतात. पुष्कळ मुलं पहिल्यांदा फक्त पुडीच्या बाजूचे ५ काढतात, आणि दांडी लगेच दुसरीकडे झुकते. शिक्षकाला बोलावंही लागत नाही. पुडीचा कागद १० × १० सेंमीचा असला तर त्याचं वजन एक ग्रॅमच्या आत राहतं. तरीही समोरच्या पारड्यात तेवढाच रिकामा कागद ठेवावा. एका मुलाने “सर, कागदाचं बी वजन हाय की” असं विचारलं, आणि तसं विचारणारं मूल प्रत्येक वर्गात असावं.

८ + ४ = □ + ५ आता परत आलं. डावीकडे ८ आणि ४, उजवीकडे पुडी आणि ५. काहींनी १२ मधून ५ वजा केले. एका मुलीने ४ आणि ५ कडे बोट दाखवलं: “तिकडं एक जास्त हाय, मग आठातला एक कमी.” तिने बेरीज केलीच नाही. या सगळ्या खटाटोपातून शेवटी तेच हवं असतं.

वजाबाकीचा पेच

बेरीज इथपर्यंत बऱ्यापैकी सरळ जाते. खरी परीक्षा वजाबाकीत आहे, आणि बहुतेक ठिकाणी तराजूचा उपक्रम इथेच सोडून दिला जातो.

मुलांना दोन तोंडी युक्त्या शिकवायच्या असतात. ३८ + २७ करताना २७ मधले २ अडतीसाला देऊन ४० + २५. आणि ४३ − १८ करताना दोन्हींत २ मिळवून ४५ − २०. बेरजेत एक वाढतो, दुसरा कमी होतो. वजाबाकीत दोन्ही वाढतात. नियम म्हणून सांगितलं की मुलं दोन्हींची अदलाबदल करतात. ४७ + २८ = □ + ३० मध्ये ४९ येतात, हवे ४५. ५२ − २९ = □ − ३० मध्ये ५१ येतात, हवे ५३. या वर्गातही आधी नेमकं हेच झालं.

तराजूवर हा फरक स्वच्छ दिसतो, पण त्यासाठी वजाबाकी ‘काढून टाकणं’ म्हणून मांडून चालत नाही. नट काढले की ते पारड्यातून गेले. ५२ मधून २९ गेल्यावर त्या २९ चं चिन्हसुद्धा उरत नाही, मग त्यात काय वाढवणार? वजाबाकी ‘किती कमी पडतात’ म्हणून मांडावी लागते.

आधी बेरीज, लहान संख्यांवर. डाव्या पारड्यात ८ नटांची ढिगली आणि ५ ची ढिगली. उजवीकडे १३. पाचातले २ उचलून आठाच्या ढिगलीत ठेवले. १० आणि ३ झाले. दांडी हलली का? हलण्याचं कारणच नाही. नट त्याच पारड्यात इकडचे तिकडे झाले.

आता १३ − ८. डावीकडे १३, उजवीकडे ८. दांडी डावीकडे कलली. उजवीकडे पुडी ठेवून सपाट केली. पुडीत जे आहे तेच १३ − ८ चं उत्तर. ५ असल्याचं मुलांनी सांगितलं. मग सरांनी दोन्ही पारड्यांत दोन-दोन नट टाकले. सपाटच.

“पुडीला हात लावला का कुणी?”

“न्हाई सर.”

“मग आत किती?”

“पाचच.”

“आता डावीकडं किती, आणि पुडीशेजारी किती?”

“पंधरा. अन् दहा.”

म्हणजे १३ − ८ = १५ − १०. बेरजेत दोन्ही संख्या एकाच पारड्यात असतात, म्हणून एकीचं दुसरीला द्यायचं. वजाबाकीत त्या समोरासमोरच्या पारड्यांत असतात, म्हणून दोन्हींना सारखंच द्यायचं. मुलांनी हे नियम म्हणून पाठ केलं नाही. चुकलं की सर एवढंच विचारत, “दोघं एकाच पारड्यात की समोरासमोर?” आणि मूल स्वतः दुरुस्त करू लागे.

यातली एक खबरदारी महत्त्वाची आहे: बेरीज आणि वजाबाकीचे हे दोन प्रयोग एकाच दिवशी, एकामागोमाग दाखवावेत. आठवड्याच्या अंतराने दाखवले तर फरक डोळ्यांसमोर राहत नाही आणि पुन्हा अदलाबदल सुरू होते. आणि वीसच्या पुढे नट वापरू नयेत. मोजण्यातच पाच मिनिटं जातात, एखादा नट खाली पडतो, आणि चूक मोजण्याची की विचाराची हे कळेनासं होतं. ४३ − १८ पाटीवर दोन पारडी काढून करायचं, नटांशिवाय.

तराजू बाजूला ठेवल्यावर

पुढचा सराव फळ्यावर, रोज तीनच उदाहरणं. संख्या अशा निवडायच्या की पूर्ण आकडेमोड करण्यापेक्षा दोन्ही बाजू एकदा नीट पाहणं सोपं पडावं: ३६ + १९ = ३५ + □, ६४ − ३८ = □ − ४०, ५७ + २६ = २६ + □. चौकट रोज वेगळ्या जागी. तीनांतलं एक उदाहरण चूक-की-बरोबरचं, उदाहरणार्थ २९ + १४ = ३० + १५, आणि त्याचं कारण एका वाक्यात सांगायचं. सगळ्या ओळी खऱ्या दिल्या तर मुलं न पाहताच ‘बरोबर’ म्हणतात. १२ − ५ = ५ − १२ हीही ओळ ठेवावी. बेरजेत अदलाबदल चालते हे नुकतंच पटलेलं मूल इथे हमखास फसतं. दोन पारडी काढून पाहिली की ५ च्या समोरच्या पारड्यात १२ ठेवून वर पुडीने ‘कमी पडलेले’ भरता येत नाहीत हे त्याला दिसतं.

चौथीच्या मुलांनी ‘=’ साठी दोन रेघाच का, असं विचारलं होतं. १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड याने हे चिन्ह छापलं तेव्हा कारणही लिहून ठेवलं: सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघांइतक्या एकमेकींसारख्या दुसऱ्या कोणत्याही दोन गोष्टी नाहीत. मुलांना ते उत्तर पुरलं.

द्राक्षांचा हंगाम सुरू होण्याआधी तीच सहा ओळींची चिठ्ठी संख्या बदलून पुन्हा दिली. पहिल्या पाच ओळी बहुतेकांना सुटल्या. शेवटची, १५ − ७ = □ − ५ सारखी ओळ काहींना अजून अवघड जाते. चौकट वजाबाकीच्या पहिल्या जागी आली की डाव्या पारड्यात काय ठेवायचं हेच त्यांना कळत नाही. त्यांच्यासाठी सर आता पुडी उलट बाजूला बांधून पाहत आहेत: उजवीकडे ८ आणि ५, डावीकडे फक्त पुडी. १५ − ७ चे आठ आधी स्वतंत्र काढायचे, मग ‘पुडीतून ५ गेले तर ८ उरले’ हे ‘८ आणि ५ मिळून पुडी’ असं फिरवायचं. दोन पायऱ्या एकदम न देता दोन दिवसांत वाटून दिल्या की जमतं.

ऊसतोडीच्या कुटुंबातला एक मुलगा डिसेंबरात वर्गात आला. पुस्तकातला आधीचा भाग त्याचा राहिला होता, पण तराजूच्या गटात तो पहिल्या दिवसापासून बसला. तिथे मागचं काही यावं लागत नाही. मार्चमध्ये तो गावी परत जाईल तेव्हा त्याच्या नोंदवहीत ‘दोन्हीकडचं पाहून रिकामी जागा भरतो, नट १५ पर्यंत, वजाबाकी समोरासमोरच्या पारड्यांत मांडतो’ एवढं स्पष्ट लिहून द्यायचं ठरलं आहे, म्हणजे पुढच्या शाळेतल्या शिक्षकाला त्याला पहिल्यापासून तपासावं लागणार नाही.